गाडीत आणि अंधारात खेळणाऱ्या बाबाने कुठला स्क्रीन घ्यावा?

वाचकाचं पत्र:

ताई नमस्कार. मी ४२ वर्षांचा, चिंचवडला राहतो, कामासाठी आठवड्यातून दोनदा रेल्वेने मुंबईला जाऊन येतो. गेम खेळायला वेळ मिळतो तो गाडीत, नाहीतर रात्री मुलगी झोपल्यावर त्याच खोलीत लाईट बंद करून. आता एक हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचं गेमचं मशीन, घ्यायचंय. मित्र त्याची वापरलेली आरओजी ॲली देतोय, ७ इंच, १०८०पी, १२० हर्ट्झ. दुसरीकडे एक दुकानदार इंपोर्टेड स्टीम डेक ओएलईडी देतोय पण तो फक्त ८००पी. भाचा म्हणतो मामा ८००पी म्हणजे भंगार, घ्यायचंच तर लीजन गो घे, १६००पी, १४४ हर्ट्झ. ऑफिसातला एक जण म्हणतो ओएलईडीवर डाग पडतात, नादी लागू नको. मला मुलीला जुने गेमबॉय ॲडव्हान्सचे गेमही दाखवायचेत. त्यात चाळिशी लागलीये आणि रात्री मोबाईल बघून डोळे चुरचुरतात. काय घेऊ?

उत्तर:

दादा, नमस्कार. पत्रात तुम्ही आधी कुठे खेळता ते सांगितलंत आणि आकडे नंतर दिलेत, हे फार बरं केलंत, कारण बहुतेक पत्रं उलटी येतात, आधी इंच आणि हर्ट्झ (स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा) आणि मग शेवटी कुठेतरी एका ओळीत की मी हे बसमध्ये वापरणार. हँडहेल्डचा स्क्रीन निवडताना पहिला प्रश्न हाच असतो की तो कुठल्या उजेडात बघणार आणि चार्जर नसताना किती वेळ बघणार.

आता भाच्याचं म्हणणं आधी घेऊ, कारण त्याचं चुकतंय कुठे ते कळलं की बाकीचं सोपं होतं.

८००पी म्हणजे १२८० गुणिले ८००, झाले १० लाख २४ हजार पिक्सेल. ॲलीचा १०८०पी म्हणजे २० लाख ७३ हजार, दुप्पट. लीजन गोचा २५६० गुणिले १६०० म्हणजे ४० लाख ९६ हजार, बरोब्बर चौपट. ऐकायला भारी वाटतं, पण हा प्रत्येक पिक्सेल कोणीतरी रंगवायचाय ना, तेही सेकंदाला ६० वेळा. घरातल्या पीसीत ते काम करायला भिंतीतून वीज खाणारं ग्राफिक कार्ड असतं. इथे हातातल्या मशीनमध्ये एक छोटी चिप असते, तिला १५ वॉट, फार तर २५-३० वॉट मिळतात. म्हणजे चिप साधारण तेवढीच आणि भिंत मात्र चौपट मोठी रंगवायला दिलीये. मग होतं काय की लीजन गोवर जड गेम १६००पीवर चालवायला गेलं की गेम अडखळतो आणि लोक गुपचूप सेटिंगमध्ये जाऊन १२००पी किंवा थेट ८००पी लावतात. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. मशीन वाईट नाहीये, मोठा स्क्रीन आहे, नांगर टाकून तासन्‌तास बसणाऱ्याला आवडेल सुद्धा, आणि एक गोष्ट त्याच्या बाजूने मी नक्की सांगेन की २५६० हे १२८० च्या बरोब्बर दुप्पट असल्यामुळे ८००पीचा गेम तिथे लावला तर एका पिक्सेलचे नेमके चार होतात, चित्र विस्कटत नाही. पण मग ८००पीच बघायचाय तर ८००पीला भंगार का म्हणायचं, हे भाच्याला प्रेमाने विचारा. आणि वजनही विचारा त्याला. लीजन गो कंट्रोलर लावून ८५४ ग्रॅम, डेक ओएलईडी ६४० ग्रॅम. दोनशे ग्रॅमचा फरक दुकानात दोन मिनिटं धरल्यावर कळत नाही, गाडीत लोणावळा येईपर्यंत मनगटांना कळतो.

ही ओढाताण काही आजची नाही. १९८९ ला निन्टेंडोचा गेमबॉय आला तेव्हा त्याचा स्क्रीन म्हणजे २.६ इंच, १६० गुणिले १४४, हिरवट पिवळ्या रंगाच्या चार छटा, मागे लाईट नाही. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स आला तो रंगीत आणि लाईटवाला, पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर, तोही रंगीत आणि लाईटवाला. कागदावर गेमबॉय दोघांपुढे फिका. पण गेम गिअरला सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत बसायचे, गेमबॉय चार सेलवर पंधरा तासांच्या आसपास चालायचा. गुनपेई योकोई हा गेमबॉयमागचा माणूस, त्याने जाणूनबुजून जुनं, स्वस्त, कमी वीज खाणारं तंत्र निवडलं होतं. पुढे गेमबॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटींच्या वर खपले. त्या निर्णयाबद्दल मला आजही आदर वाटतो, कारण त्यात मुलाच्या खिशाचा, सेल आणायला पैसे मागायला लागणाऱ्या मुलाचा विचार होता. अर्थात याच हट्टाची दुसरी बाजू पण आहे, २००१ ला गेमबॉय ॲडव्हान्स आला तोही बिनलाईटचाच, आणि त्यावरचे गेम रंगीत आणि बरेचसे गडद, त्यामुळे पोरं ट्यूबलाईटच्या खाली वाकडी-तिकडी बसून खेळायची, शेवटी २००३ च्या एसपी मॉडेलला समोरून पडणारा लाईट आला आणि २००५ मध्ये त्याच एसपीचं बॅकलाईटवालं मॉडेल आलं तेव्हा कुठे ते गेम नीट दिसायला लागले. म्हणजे वीज वाचवताना दिसणंच बंद झालं तर तेही कामाचं नाही.

आता तुमची गाडी. सकाळची पुणे-मुंबई म्हणजे खिडकीतून तिरपं ऊन, ते मार्गाच्या वळणांप्रमाणे बाजू बदलतं, आणि मग लोणावळा सोडून घाट सुरू झाला की बोगदा, उजेड, बोगदा, उजेड. डोळ्याला आणि स्क्रीनला दोघांनाही हा सगळ्यात कठीण पेपर. लोक इथे निट्सचे, म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचे, आकडे बघतात, ॲलीचा ५०० निट्स, डेक ओएलईडीचा साध्या गेममध्ये ६०० आणि एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणाऱ्या चित्रात, १००० पर्यंत. पण ५०० आणि ६०० मधला फरक डोळ्याला जेमतेम जाणवतो, आणि थेट ऊन पडलं तर दोन्ही हरतात. खरा फरक पडतो तो काचेने. चकचकीत काच असेल तर गडद सीनमध्ये तुम्हाला गेमच्या जागी तुमचा चेहरा, मागची खिडकी आणि शेजारच्या काकांचा शर्ट दिसणार. डेक ओएलईडीचं ५१२ जीबीचं मॉडेल आहे त्याला साधी काच आहे, १ टीबीच्या मॉडेलला अँटी-ग्लेअर एच्ड काच आहे, म्हणजे काचेचाच पृष्ठभाग खरवडून मॅट केलेला. तुम्ही दुकानदाराकडे कुठलं मॉडेल आहे ते लिहिलं नाहीत, ते विचाराच, कारण गाडीत खेळणाऱ्यासाठी माझ्या मते ती काच म्हणजे त्या मॉडेलची सगळ्यात मोलाची गोष्ट, साठवणुकीची जागा तर मेमरी कार्ड टाकूनही वाढवता येते. मॅट काचेचा तोटा म्हणजे उजेडात काळा रंग किंचित राखाडी होतो आणि बारकाईने पाहिलं तर पांढऱ्यावर अगदी बारीक कण-कण दिसतात. मला चालतं, काहींना नाही चालत.

आणि एक कळकळीची विनंती, मॅट काच घेतलीत तर त्यावर साधी टेम्पर्ड ग्लास लावू नका. मी लावली होती, दुकानात सांगितलं लावून घ्या म्हणून लावली आणि घरी येऊन बघते तर सगळी चमक परत, जास्तीचे दिलेले पैसे फुकट. काढून टाकली. पुसायला सुद्धा पदर-रुमाल नको, मऊ मायक्रोफायबर घ्या. साध्या काचेवर मात्र टेम्पर्ड ग्लास खुशाल लावा, बॅगेत डबा आणि चाव्यांबरोबर जाणारं मशीन आहे ते.

रात्रीची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे माझं मत अगदी पक्कं आहे. ॲलीचा स्क्रीन आयपीएस एलसीडी आहे, आणि एलसीडीच्या मागे सतत दिवा जळत असतो, चित्रात काळा रंग दाखवायचा म्हणजे समोरची झडप बंद करायची, पण फटीतून उजेड येतोच. दिवसा कळत नाही. लाईट बंद केलेल्या खोलीत मात्र गुहेचा सीन आला की गुहा काळी न दिसता राखाडी दिसते, कोपऱ्यात पांढुरकी चमक येते, आणि तो उजेड तुमच्या तोंडावर, भिंतीवर आणि झोपलेल्या मुलीच्या पापण्यांवर पण पडतो. ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल स्वतःच पेटतो आणि काळा म्हणजे बंद, विझलेला. अंधाऱ्या सीनमध्ये स्क्रीनची कड सुद्धा सापडत नाही. १६:९ (रुंदी आणि उंचीचं प्रमाण) मध्ये बनलेला गेम डेकच्या १६:१० स्क्रीनवर लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, एलसीडीवर त्या पट्ट्या डोळ्यात खुपतात, ओएलईडीवर त्या आहेत हेच विसरायला होतं. तुमच्यासारखं लेकराशेजारी बसून खेळणाऱ्याला हा फरक पिक्सेलच्या कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा आहे.

पण. तुम्ही लिहिलंत की रात्री मोबाईल बघून डोळे चुरचुरतात, आणि मी इथेच थबकले. तुमचा मोबाईल ॲमोलेड (ओएलईडीचाच एक प्रकार) आहे का ते बघा. बरेच ओएलईडी स्क्रीन ब्राईटनेस कमी करताना खरं तर प्रकाश कमी करत नाहीत, तर सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद, चालू-बंद करतात आणि डोळ्याला सरासरी मंद दिसतं. बहुतेकांना काही होत नाही. काहींना मात्र डोकं दुखतं, डोळे जड होतात, आणि ते नेमकं अंधारात, ब्राईटनेस खाली असतानाच, म्हणजे तुम्ही खेळणार अगदी तसंच. चुरचुरणं दुसऱ्या कशानेही असू शकतं, पापण्या कमी मिटल्याने डोळे कोरडे होतात, किंवा चष्म्याचा नंबर बदललेला असतो, त्यामुळे आधी नंबर तपासून घ्या, चाळिशी लागून दोन वर्षं झाली असतील तर नक्कीच. आणि मग ओळखीत कुणाकडे डेक ओएलईडी किंवा निन्टेंडो स्विचचं ओएलईडी मॉडेल असेल तर दोन रात्रींसाठी मागून आणा, लाईट बंद, ब्राईटनेस पाव, आणि अर्धा-पाऊण तास खेळा. दुकानात बघून काही कळणार नाही, तिथे ट्यूबलाईट असते आणि ब्राईटनेस पूर्ण असतो. अर्थात मशीनगणिक लुकलुकण्याचा वेग वेगळा असतो, त्यामुळे जे घेणार तेच मिळालं बघायला तर उत्तम. एवढी मेहनत घ्या दादा, कारण हे शरीराचं आहे, सेटिंग बदलून जाणारं नाही.

डाग पडण्याचं ऑफिसवाल्यांचं म्हणणं खोटं नाहीये, पण अर्धवट आहे. ओएलईडीतले पिक्सेल वापराने म्हातारे होतात, निळा सगळ्यात आधी, आणि जे जास्त आणि जास्त जोरात पेटतात ते आधी थकतात. मग एकाच गेमची तीच लाल-पांढरी हेल्थची पट्टी त्याच कोपऱ्यात शेकडो तास पूर्ण ब्राईटनेसवर राहिली तर तिची पुसट सावली राहू शकते. दुकानातले डेमोचे पीस दिवसभर पेटलेले असतात त्यांना हा धोका खरा. तुम्ही आठवड्याला किती खेळणार, आठ तास, दहा तास? तेही वेगवेगळे गेम आणि रात्री कमी ब्राईटनेसवर. मी याची काळजी नसती केली. फक्त गेम पॉज करून स्क्रीन चालू ठेवून जेवायला जाऊ नका, बटण दाबून झोपवा त्याला.

आता ॲलीची बाजू घेते कारण तिची एक बाजू खरंच भक्कम आहे आणि बहुतेक लोक १०८०पी-१०८०पी करत बसतात आणि ती बाजू विसरतात. तिच्या स्क्रीनला व्हीआरआर आहे, म्हणजे गेम सेकंदाला जेवढ्या फ्रेम (चित्रं) देईल त्याप्रमाणे स्क्रीन स्वतःचा वेग बदलतो, साधारण ४८ ते १२० मध्ये. याचा फायदा समजायला जरा थांबून हिशोब करा. ६० फ्रेम म्हणजे एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद, ३० फ्रेम म्हणजे ३३.३. आता जड गेम हँडहेल्डवर काही ठाम ६० देत नाही, तो ५२, ५७, ४९ असा हेलकावे खातो. साध्या ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर मग काही फ्रेम एकदा दिसतात, काही दोनदा, आणि कॅमेरा फिरवला की रस्त्यावरच्या खड्ड्यांसारखे बारीक धक्के बसतात. व्हीआरआरमध्ये हे धक्के जवळजवळ जातात. डेकच्या स्वतःच्या स्क्रीनला व्हीआरआर नाही, ओएलईडी मॉडेलला सुद्धा नाही, आणि ही त्याची खरी उणीव आहे. त्यावर डेक बनवणाऱ्यांचा तोडगा असा की फ्रेमला लगाम घाला आणि स्क्रीनचा वेग त्याच्या पटीत ठेवा. ४० फ्रेमची मर्यादा लावली की ओएलईडी डेक स्क्रीन ८० हर्ट्झला नेतो, प्रत्येक फ्रेम नेमकी दोनदा. आणि ४० चं गंमतशीर गणित बघा, एक फ्रेम २५ मिलिसेकंद, म्हणजे १६.७ आणि ३३.३ च्या अगदी मधोमध. आकड्यात ४० हे ३० च्या जवळ वाटतं पण हाताला ते ६० च्या अर्ध्या वाटेवर असतं. जड गेम ४० वर बांधून खेळणं हा हँडहेल्डवरचा माझा सगळ्यात आवडता सौदा आहे, बॅटरीही वाचते, पंखाही शांत. फक्त चिपला ते ४० सतत देता आले पाहिजेत, ते नाही जमलं तर धक्के आलेच.

हर्ट्झवरून एक इशारा, भाच्याला पण ऐकवा. १२० हर्ट्झ लिहिलंय म्हणून चित्र स्वच्छ हलेलच असं नाही. १२० हर्ट्झला एक फ्रेम ८.३ मिलिसेकंद टिकते, आणि पिक्सेललाच एका रंगातून दुसऱ्यात जायला त्याहून जास्त वेळ लागत असेल तर पुढची फ्रेम आली तरी आधीचीच पुसली जात असते, मागे शेपटी दिसते. जून २०२५ ला आलेल्या निन्टेंडो स्विच २ चं हेच झालं, ७.९ इंच, १०८०पी, १२० हर्ट्झ, व्हीआरआर, कागदावर सगळं आहे, पण एलसीडीचे पिक्सेल संथ, टेस्ट करणाऱ्यांनी मोजून दाखवलं. त्याआधीचं २०२१ चं स्विच ओएलईडी ७ इंच, ७२०पी, ६० हर्ट्झ, तरी रंग आणि काळ्यासाठी लोक अजून त्याचं नाव काढतात. सोनीने पण एकदा असंच केलं होतं, २०११ च्या व्हीटाला ५ इंचाचा ओएलईडी आणि २०१३ च्या पातळ, हलक्या मॉडेलला एलसीडी. पातळ मॉडेलची बॅटरी जास्त चालायची, तरी जुन्या स्क्रीनसाठी हळहळणारे भेटतात. ओएलईडीचा पिक्सेल मुळातच चटकन बदलतो, तिथे हा शेपटीचा त्रास जवळपास नाही.

चाळिशी. हे मी मुद्दाम वेगळं काढते कारण याबद्दल कुणी बोलत नाही. टीव्हीसाठी बनवलेल्या गेममधली अक्षरं ७ इंचावर मुंगीएवढी होतात आणि लोकांना वाटतं जास्त पिक्सेल घेतले की वाचता येईल. जास्त पिक्सेलने अक्षराची कड रेखीव होते, अक्षर मोठं होत नाही. ॲलीवर इंचाला ३१५ च्या आसपास पिक्सेल, डेकवर २०४, हा फरक चष्मा लावून नाकाजवळ धरलं तर दिसतो, दीड हातावर फारसा नाही. त्यापेक्षा सेंटिमीटर बघा. ॲलीचा ७ इंची १६:९ स्क्रीन म्हणजे साधारण १५.५ सेंटिमीटर रुंद आणि ८.७ उंच. डेकचा ७.४ इंची १६:१० म्हणजे १६ रुंद आणि १० उंच. जवळपास सव्वा सेंटिमीटर जास्त उंची, आणि जे गेम १६:१० पूर्ण भरतात त्यात ती मेन्यू वाचताना जाणवते. लीजन गोचं ८.८ इंच इथे सरळ जिंकतो, ते मान्य. कुठलंही घ्या, घेतल्या दिवशी प्रत्येक गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन सबटायटल आणि टेक्स्ट मोठं करा, आणि गाडीत चाळिशी पर्समध्ये न ठेवता नाकावर ठेवा.

मुलीसाठीचे जुने गेम, हा तर पत्रातला मला सगळ्यात आवडलेला भाग. गेमबॉय ॲडव्हान्सचं चित्र २४० गुणिले १६०. पाचने गुणा, १२०० गुणिले ८००. डेकच्या १२८० गुणिले ८०० मध्ये ते वरून खालपर्यंत नेमकं बसतं, दोन्ही बाजूंना फक्त ४०-४० पिक्सेलची काळी पट्टी, आणि ओएलईडीवर ती पट्टी विझलेली. प्रत्येक जुना ठिपका बरोब्बर पाच बाय पाचचा चौकोन. १०८०पीवर सहाने गुणलं तर १४४० गुणिले ९६०, वर-खाली ६० पिक्सेल रिकामे राहतात, आणि ते भरायला ताणलं की काही ठिपके सात पिक्सेलचे आणि काही सहाचे, मग पात्र चालताना त्याचं तोंड वाकडं-सरळ होत राहतं. इम्युलेटरमध्ये, म्हणजे जुने गेम नव्या मशीनवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, इंटिजर स्केलिंग (चित्र पूर्ण पटीतच मोठं करणारं) नावाचं सेटिंग असतं ते चालू करा, कुठल्याही मशीनवर. आणि जर मुलीला फक्त हेच खेळायचं असेल तर तिच्यासाठी वेगळं छोटं मशीन पण मिळतं, ॲनबर्निकचं आरजी ३४ एक्सएक्स म्हणून आहे त्याचा स्क्रीनच ७२० गुणिले ४८०, म्हणजे नेमका तिप्पट, बनवणाऱ्यांनी हे गेम डोळ्यांपुढे ठेवूनच तो आकार घेतलेला दिसतो. तिच्या हातात ६४० ग्रॅमचं धूड देण्यापेक्षा ते बरं, पण तुम्ही विचारलं नाहीत म्हणून एवढ्यावर थांबते.

बॅटरीचं गणित तर तुम्ही स्वतःच करू शकता. बॅटरीवर वॉट-अवर लिहिलेले असतात, मशीन किती वॉट खातंय ते स्क्रीनवरच दिसतं, भागाकार करायचा. जुन्या ॲलीत ४० वॉट-अवर. जड गेमला अख्खं मशीन २० वॉट खात असेल तर दोन तास, आणि वापरलेलं म्हणजे बॅटरी थोडी थकलेली, म्हणजे कर्जत-कल्याणच्या मधे कुठेतरी लाल. डेक ओएलईडीत ५० वॉट-अवर, कंपनी ३ ते १२ तास म्हणते, म्हणजे हिशोबाने सुमारे १७ वॉटपासून ४ वॉटपर्यंत. आता यातून स्क्रीनचा वाटा बघा, जड गेममध्ये २० पैकी दोन-तीन वॉट म्हणजे किरकोळ, पण हलक्या टू-डी गेममध्ये अख्खं मशीनच ६-७ वॉट खातं तेव्हा तेच दोन-तीन वॉट म्हणजे मोठा हिस्सा. म्हणून हलके गेम खेळताना ब्राईटनेस उतरवला तर खरंच तास वाढतात, जड गेमला उतरवून फार काही हाती लागत नाही, तिथे फ्रेमला लगाम हाच उपाय. ॲली घेतलीत तरी ती ७२०पीवर चालवून वर स्केल करा, १०८०पीचा पॅनेल आहे म्हणून १०८०पीवर खेळायलाच पाहिजे असा काही नियम नाही, थ्री-डी गेममध्ये ७ इंचावर ते छान दिसतं.

तर माझं म्हणणं. डोळ्यांची ती रात्रीची चाचणी पास झाली तर डेक ओएलईडी घ्या, शक्य असेल तर मॅट काचेचं. तुमची गाडी, तुमची अंधारी खोली, तुमचे पाचपट गेम, सगळं त्याच्या बाजूने जातं, व्हीआरआर नाही हे मी मान्य करून सांगतेय. फक्त हे नीट समजून घ्या की डेक हे मशीन त्याची कंपनी आपल्याकडे स्वतः विकत नाही, वॉरंटी जी काय ती त्या दुकानदाराची, त्यामुळे ती बिलावर लिहून घ्या, आणि पैसे देण्याआधी दुकानातच एक पूर्ण काळा, एक पूर्ण पांढरा आणि एक गडद राखाडी फोटो उघडून बघा. पांढऱ्यावर मेलेला पिक्सेल दिसतो, काळ्यावर न विझणारा ठिपका, आणि राखाडीवर पट्टे किंवा डाग. राखाडीत अगदी फिकट दाणेदारपणा दिसला तर घाबरू नका, बऱ्याच ओएलईडीत असतो, ठळक पट्टा असेल तर मात्र दुसरा पीस मागा.

डोळ्यांनी नाही म्हटलं तर अजिबात मन खट्टू करून घेऊ नका, मित्राची ॲली घ्या. आयपीएस आहे, व्हीआरआर आहे, आपल्याकडे अधिकृत विकली गेलेली आहे आणि मित्राचं मशीन म्हणजे त्याचा इतिहास तुम्हाला माहितीये. घेताना रात्री त्याच्या घरी जा, लाईट बंद करून काळा फोटो लावा, कोपऱ्यातून किती उजेड गळतोय बघा, आणि सेटिंगमधून बॅटरीची तब्येत विचारा. वाचलेल्या पैशात ६५ वॉटची पीडी (झटपट चार्ज करणारी) पॉवरबँक येईल, ती मुंबईपर्यंत नेईल. आणि रात्री खेळताना उशाशी एक मंद पिवळा दिवा मुलीच्या पाठीमागे लावून ठेवा, तिला त्रास न होता खोली पूर्ण काळी राहणार नाही, मग एलसीडीचा राखाडी काळा डोळ्याला बराच काळा वाटतो.

कुणाकडून डेक मागून आणलात की चाचणी एका रात्रीत संपवू नका, दोन रात्री करा, एक गाडीच्या दिवसाची आणि एक घरच्या दिवसाची, कारण दमलेले डोळे आणि ताजे डोळे वेगळं सांगतात. काय झालं ते मला नक्की लिहा.